पोटाची चरबी टोचून डोळ्याचा पडदा दुरुस्त होत नाही

आमची आत्या इंदूरला रामबागेत राहते. तिच्या पीतबिंदूची, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधोमधच्या भागाची, झीज झालीय. दाराची चौकट तिला मधोमध वाकलेली दिसते, कॅलेंडरवरची तारीख मान तिरकी करून वाचावी लागते. परवा ती फिक्स डिपॉझिट मोडायला निघाली, ते घरच्या ग्रुपवर फिरणाऱ्या या मेसेजमुळे: ‘जपानने पडद्याच्या पेशी वाढवून दृष्टी परत आणली. आता आपल्याकडेही! पोटाच्या चरबीतल्या स्टेम सेल टोचून एका दिवसात दोन्ही डोळे बरे. स्वतःच्याच पेशी, धोका शून्य. काचबिंदूवरही गुणकारी.’

जपानचं अर्धं खरं, तेवढं मान्य करतो. २०१४ साली कोबेत मासायो ताकाहाशी यांच्या गटानं एका सत्तरीतल्या बाईंच्या त्वचेपासून पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या पेशी तयार केल्या आणि त्यांचा पातळ थर एका डोळ्यात बसवला. वर्षानंतर नजर सुधारली नव्हती, बिघडलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल सापडले, तेव्हा ते रोपण त्यांनी थांबवलं.

आणि म्हणे धोका शून्य! ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या मार्च २०१७ च्या ज्या अंकात कोबेचा अहवाल आहे, त्यातच, त्याला लागून, फ्लोरिडातल्या तीन बायकांची हकीकत आहे. वय ७२ ते ८८, आजार आत्याचाच. प्रत्येकीनं पाच हजार डॉलर मोजले. पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या. रक्तस्राव झाला, पडदे सुटले. आधी कमी-जास्त दिसत तरी होतं. नंतर एकीला उजेडसुद्धा कळेना. स्वतःच्याच पेशी होत्या ना त्या? एक डोळा बिघडला तर दुसरा हाताशी राहावा, एवढी काळजीही कोणी घेतली नाही.

काचबिंदूत मरतात ते मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू. ते दहाएक लाख असतात. चरबी टोचून ते पुन्हा जोडले जात नाहीत.

मूळपेशींनी, म्हणजे स्टेम सेलनी, डोळा बरा होतो, हेही एका ठिकाणी खरं आहे. रसायनानं भाजलेल्या डोळ्यावर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत असा उपचार होतो. पण तो डोळ्याच्या पुढच्या काचेवर, पडद्यावर नव्हे.

आत्या, डिपॉझिट मोडू नकोस. रोज सकाळी एकेक डोळा झाकून तीच चौकट बघ. वाक वाढलेला दिसला तर त्याच दिवशी मला फोन कर, पडद्याच्या डॉक्टरांकडे जाऊ. झिजेबरोबर पडद्याखालच्या रक्तवाहिन्यांतून गळती सुरू झाली असेल तर त्यावर इंजेक्शनं आहेत, पण ती वेळेत घ्यावी लागतात.