'35 ला 1 आहे, मग रडता कशाला?' या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या कमतरतेवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की 35 पोरांमागे 1 शिक्षक हा नियम आमच्या शाळेत पाळला जातोय, मग शिक्षक कमी म्हणून रडायचं कशाला, आणि दर्जा खाली आलाय तो बाहेरून आलेल्या पोरांमुळे.

आधी नियमाचं बघू. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला 35 ला 1 आहेच, पण जोडीला हेही आहे की गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना निदान एकेक शिक्षक पाहिजे, आणि पट 100 च्या वर गेला की पूर्णवेळ मुख्याध्यापक वेगळा. आमच्याकडे पट शंभराच्या वर अन् कागदावर तिघं. त्यातले गणिताचे सरच प्रभारी मुख्याध्यापक, एक मॅडम बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम त्यांच्याकडे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकीची कामं लावू नका असं कायदाच सांगतो, पण मतदार यादी निवडणुकीतच बसते ना राव! मी व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आहे, गेल्या आठवड्यात गेलो तर सहावी-सातवी एकाच खोलीत कोंबलेली, फळ्यावर मधोमध रेघ, डावीकडे सहावीचं गणित उजवीकडे सातवीचं, आणि सर दारात उभे राहून फोनवर कुणाला तरी 'अर्जंट' माहिती देतायत.

आता बाहेरची पोरं. नाशिकच्या सातपूर-अंबडला एमआयडीसी आहे, यूपी-बिहारची कुटुंबं असणारच. आणि पेठ-सुरगाण्याची पोरं तर आपल्याच जिल्ह्यातली, ती बाहेरची कशी झाली? आईबाप दिवाळीनंतर बांधकामावर येतात तेव्हा तीही येतात, मधेच. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवणं, होते आधार जुळलेल्या पटावर, आधारवर नाव एक अन् दाखल्यावर दुसरं असलं की पोरगं बाकावर आहे पण मोजणीत नाही. जे मोजलंच नाही त्याच्यासाठी मास्तर कुठून मंजूर होणार?

भाषेचा त्रास होतो, नाही म्हणत नाही. सुरगाण्याची एक पोरगी घरी कोकणा बोली बोलते, तिला दशांश काही केल्या कळेना, तर शेजारच्या भोजपुरी पोराने खिशातली चिल्लर बाकावर मांडून तोडक्यामोडक्या मराठीत समजावलं. सर तेव्हाही फोनवरच होते.

बाकी मी लेखात 30 ला 1 लिहिलं होतं ते पाचवीपर्यंतचं, ती चूक तुम्ही बरोबर पकडली, दुरुस्त केलीये.