साडेतीन लाखांच्या ऑक्टाव्हिया आरएसचा हिशोब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं, की मी जुन्या स्पोर्ट्स गाड्यांबद्दल लोकांना उगाच घाबरवतो. सोलापुरात गॅरेजची मजुरी कमी, 2006 ची ऑक्टाव्हिया आरएस (स्कोडाच्या ऑक्टाव्हियाचं स्पोर्ट्स मॉडेल) साडेतीन लाखांत मिळतेय आणि ती चाललीय जेमतेम 60 हजार किलोमीटर, मग तिला होणार काय?

मजुरीचं तुमचं बरोबर आहे. अक्कलकोट रोडला असे मेकॅनिक आहेत की ज्यांच्या हाती मी कुठलीही गाडी डोळे झाकून देईन. पण अशा गाडीच्या बिलात मजुरीचा वाटा लहान असतो. गाडी स्वस्त झाली म्हणून टर्बो, क्लच, सस्पेन्शन स्वस्त होत नाहीत. शिवाय पार्ट इथे मिळत नाही, पुण्याहून मागवावा लागतो आणि तो येईपर्यंत गाडी गॅरेजमध्ये अडकून पडते.

राहिला 60 हजारांचा मुद्दा. तिथेच माझं तुमच्याशी अजिबात पटत नाही. रबर आणि प्लास्टिक वयाने मरतं, गाडी उभी असली तरी. या 1.8 टर्बो इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि वॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा, तुटला तर पिस्टन वॉल्व्हवर आदळतात, वॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावं लागतं. इंजिन गार ठेवणारा वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो, म्हणून बेल्टसोबत तोही बदलतात. या इंजिनांच्या बऱ्याच पंपांत आतला पंखा प्लास्टिकचा असतो. ओळखीतल्या एकाच्या गाडीचा पंप काढला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. पुली व्यवस्थित फिरत होती. पंख्याला मात्र मधोमध तडा गेला होता. बोटाने ढकलला तर दांड्यावर सुटाच फिरत होता. म्हणजे पंप चालू, पण कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) जागच्या जागी! ती गाडीसुद्धा फार चाललेली नव्हती. मे महिन्यात सात रस्त्याच्या गर्दीत असं झालं तर तापमानाचा काटा लाल पट्टीत जायला वेळ लागत नाही.

टायरचंही तेच. नक्षी शाबूत दिसते म्हणून टायर चांगला समजू नका. कडेला लिहिलेले चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2314 असेल तर तो टायर 2014 सालचा आहे.

पेट्रोलचा विचार तुम्ही केलेलाच दिसत नाही. आपला जिल्हा उसाचा, इथल्या कारखान्यांत इथेनॉल बनतं, मलाही त्याचं कौतुक आहे. पण ही गाडी बनली तेव्हा आजच्यासारखं 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आपल्याकडे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलं. तेव्हा पेट्रोलचे पाइप आणि सील खर्चात धराच.

कागदपत्रांचा खर्च त्यामानाने किरकोळ. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी, फी 5000. वीस वर्षं ओलांडली की 2025 च्या नियमाने 10,000. दोन्ही वेळी वर पर्यावरण कर. विमा मात्र नीट समजून घ्या. नेहमीच्या पॉलिसीत रबर-प्लास्टिकच्या पार्टवर निम्मे पैसे कापले जातात आणि दहा वर्षांपुढच्या गाडीत धातूच्या पार्टवरही निम्मेच. झिरो डेप, म्हणजे अशी कपात न करणारा विमा, इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. एक बंपर आणि एक हेडलाइट गेला तरी खिशाला मोठी कात्री लागते.

एवढं सगळं लिहूनही 'घेऊ नका' असं मी म्हणत नाही. टेंभुर्णीच्या पुढे मोकळ्या हायवेवर तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो लागला की ही गाडी जी ओढते, ते सुख आजच्या हॅचबॅकमध्ये नाही. माझं म्हणणं एवढंच, की हातात साडेतीन लाख असतील तर दोन लाखांपर्यंतची गाडी शोधा आणि उरलेले पैसे पहिल्या वर्षासाठी राखून ठेवा. आणि रोज ऑफिसला न्यायला दुसरं वाहन घरात हवंच.

टोकन देण्याआधी टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून भाव करा. गाडी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना स्वतः स्टार्ट करा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. बघायला कधी जाताय ते कळवा. माझ्याकडे गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर आहे, रविवार असेल तर मीही येतो.