सहा सोलर पॅनल एका माळेत की तीन-तीन? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. विजेच्या लाइनवर आयुष्य काढलेल्या माणसाने माझ्या सोलर पॅनलच्या वायरिंगला 'हौशी उद्योग' म्हणावं, हे जरा लागलंच. पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: माडाची सावली पडते तिथे सहा पॅनल सिरीजमध्ये (एकामागे एक, म्हणजे व्होल्टेजची बेरीज) लावणं चूक, तीन-तीनच्या दोन ओळी पॅरललमध्ये (म्हणजे करंटची बेरीज) हव्या होत्या, ६ एमएमची (६ चौरस मिलिमीटर जाडीची) केबल ही उधळपट्टी, ४ चालली असती, पॅनलच्या डीसीचा एसी करणारा इन्व्हर्टर पॅनलपाशी ठेवून घरात एसी आणायला हवा होता, आणि माडाच्या आळ्यात अर्थिंग म्हणजे विनोद.

आधी सावली. घर खाली माडाफोफळीत, छप्पर कौलारू, म्हणून पॅनल वर कातळावर नेले. तरी कडेच्या एका माडाची सावली सकाळी नऊच्या सुमारास शेवटच्या पॅनलवरून सरकतेच. पण पॅनलच्या पाठीवरच्या डब्यात तीन बायपास डायोड असतात. सावली एका तृतीयांशावर आली तर तेवढाच भाग वगळून करंट पुढे जातो. माझे २५० व्होल्टचे साधारण २३५ होतात, बाकीची माळ चालू राहते. तुमच्या तीन-तीनमध्ये दोन्ही ओळींना व्होल्टेज एकच लागतं, त्यामुळे सावलीतली ओळ दुसरीच्या मागे फरफटते. तिथे फटका उलट जास्त.

खरं कारण मात्र अंतर. पॅनल ते घर ६० मीटर, जाऊन-येऊन तार १२०. ४ एमएमला एवढ्या लांबीचा रोध ०.६ ओहमच्या आसपास. सिरीजमध्ये १३ अँपिअरला ८ व्होल्ट पडतात, २५० मधले. पॅरलल करून एकाच जोडीने खाली आणलं तर करंट २६ आणि हातात व्होल्टेज सव्वाशेच. त्यातले सोळा वाटेत गेले! वॅटमध्ये बोलायचं तर १०० च्या जागी ४००. करंट दुप्पट, नुकसान चौपट, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. दोन ओळींच्या दोन वेगळ्या जोड्या आणल्या असत्या तर तार दुप्पट. शिवाय मे महिन्यात पॅनल तापले की ते सव्वाशेही राहत नाहीत.

४ की ६, इथे तुमचं अर्धं बरोबर आहे. ६ एमएममुळे भर दुपारी वाचतात ते जेमतेम ३५ वॅट. घरात बसून मल्टिमीटर लावला आणि वर भाच्याला दुसरा घेऊन उभा केला: वर २४८, खाली २४३. यासाठी कुणी उधळपट्टी म्हणालं तर भांडणार नाही. पण कातळ फोडायची मजुरी एवढी झाली की त्यापुढे तारेतला फरक मला किरकोळ वाटला.

एसी खाली आणायचा विचार मीही केला होता. आमच्या वाडीत वीज संध्याकाळी मंद आणि दुपारी, पंप बंद असले की, २४८ पर्यंत चढलेली. ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या तारांत, वीज ढकलताना इन्व्हर्टरला स्वतःच्या टोकाचं व्होल्टेज वर न्यावं लागतं. ६० मीटरच्या तारेत पाच व्होल्ट अजून चढले की २५३, आणि तिथे तो हात वर करतो. ऐन उन्हात बंद! वर सड्यावरचा खारा वारा आणि जूनचा आडवा पाऊस. पडवीत इन्व्हर्टर सुखी आहे.

आता आळं. कातळात पहार मारली तर दोन वीत आत जाऊन ठणकन वाजली. तिथे सळई ठोकून मोजलं, ६० ओहमच्या वर. न्हाणीघराचं पाणी ज्या माडाला जातं तिथली माती मे महिन्यातही ओली असते. तिथे दोन सळया जोडून ९ आले, आणि अर्थिंगचा रोध जेवढा कमी तेवढा चांगला. पॅनलच्या सांगाड्याची पट्टी केबलच्याच चरातून खाली आणून तिथेच बांधली, म्हणजे वरचं अर्थिंग आणि घरचं अर्थिंग एकच. वायरमन लाल तार गडग्याच्या एका बाजूने आणि काळी दुसऱ्या बाजूने न्यायला निघाला होता, म्हणे ओळखायला सोपं! मी दोन्ही एकाच पाइपात घालायला लावल्या. दोन तारांमध्ये जेवढी मोकळी जागा, तेवढा जवळ पडलेल्या विजेचा झटका त्यात जास्त उमटतो, आणि मे-ऑक्टोबरात आमच्याकडे काय कडाडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. असा झटका जमिनीत उतरवणारे सर्ज अरेस्टर दोन्ही टोकांना आहेत.

एका बाबतीत मात्र कान पकडतो. चर उथळ आहे, वर खुणेची पट्टीही नाही, हे तुम्ही फोटोवरून बरोबर हेरलंत. गेल्या महिन्यात परड्यात केळ लावताना गड्याची कुदळ पाइपवर बसली. पाइप चेपला, तार वाचली. २५० व्होल्टचा डीसी होता. एसीसारखी ठिणगी उडून विझली नसती. आता मातीतला भाग दीड फुटाखाली नेलाय, आणि कातळावर पाइपच्या अंगावर जांभ्याचे चिरे मांडतोय. तीसेक चिरे कमी पडलेत, गाडी बुधवारी येईल.