कागद फुटला, पण कपाट कुणाचं होतं?

फुटबॉल क्लबचा एखादा करार किंवा ईमेल बाहेर आला की एक मत हमखास फिरू लागतं: दोष छापणाऱ्या पत्रकाराचा, नाहीतर आतल्या फितुराचा, नाहीतर हॅकरचा. क्लब बिचारा स्वतःच लुटला गेला, त्याला कसला जाब विचारता? मला हे अजिबात पटत नाही.

आधी पत्रकाराचं बघू. ३१ जानेवारी २०२१ रोजी स्पेनच्या 'एल मुंडो'ने लिओनेल मेस्सीचा बार्सिलोनाशी २०१७ मध्ये झालेला करार उघड केला. चार हंगामांचे मिळून ५५ कोटी ५२ लाख ३७ हजार ६१९ युरोंपर्यंत. क्लबने लगेच जबाबदारी साफ नाकारली आणि वृत्तपत्रावर कायदेशीर कारवाई करू असं जाहीर केलं. पण छापणं वेगळं आणि फोडणं वेगळं. खरी माहिती लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क स्पेनच्या राज्यघटनेच्या कलम २० मध्येच आहे. वृत्तपत्राला कोर्टात खेचलं तरी कागद कुणाच्या हातून निसटला, हा प्रश्न जागच्या जागीच राहतो.

क्लबनेच तो फोडला, असं मी म्हणत नाही. अशा कराराच्या प्रती वकिलांकडे, लीगकडे, खेळाडूच्या माणसांकडेही असतात. पण चौकशीआधीच 'आम्ही नव्हे' हे कशाच्या आधारावर? खुद्द प्रशिक्षक रोनाल्ड कुमन यांनी तेव्हा सांगितलं होतं, की हे करणारा आतला निघाला तर त्याला क्लबमध्ये भवितव्य नाही. म्हणजे आतल्या माणसाची शक्यता त्यांनी तरी धरली होती.

'फितूर सापडला की विषय संपला' हेही अर्धवट आहे. त्याला ती फाइल उघडता कशी आली? त्याच्या कामाला ती लागत होती का? कोणी, कधी उघडली याची नोंद होती का? नोंदच नसेल तर ड्रेसिंग रूमपासून ऑफिसपर्यंत सगळेच संशयित होतात, आणि निर्दोष माणसं उगाच भरडली जातात. याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

राहिला हॅकर. फुटबॉल क्लबांची गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या 'फुटबॉल लीक्स' या संकेतस्थळामागच्या रुई पिंटोला लिस्बनच्या कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोषी ठरवून चार वर्षांची स्थगित शिक्षा दिली. त्याचा गुन्हा त्याच्या माथी. पण युरोपच्या माहिती संरक्षण कायद्याचं, जीडीपीआरचं, कलम ३२ लोकांची माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर पुरेशा सुरक्षेची जबाबदारी टाकतं. त्यात कसूर झाली तर १ कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या २ टक्के, यांतली जी रक्कम मोठी तिथपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती फुटून लोकांना धोका संभवत असेल तर कळल्यापासून शक्यतो ७२ तासांत नियामकाला सांगावं लागतं.

चोरी झाली म्हणजे निष्काळजीपणा होताच, असं मात्र नाही. युरोपीय न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात हेच म्हटलं. पण त्याच निकालात पुढे आहे: भरपाईच्या दाव्यात आपली सुरक्षा पुरेशी होती, हे त्या संस्थेनेच सिद्ध करायचं.

आणि हा वाद फक्त कोट्यवधींच्या पगारांचा नाही. त्याच क्लबच्या कपाटात अकादमीतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे वैद्यकीय अहवालही असतात.