दुसरी गोळी लिहिली म्हणजे डॉक्टर चाचपडतायत असं नाही

मोठ्या माणसांच्या एडीएचडीबद्दल, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि चंचलपणाच्या आजाराबद्दल, एक मजकूर व्हॉट्सॲपवर सारखा फिरतोय. ग्रुपागणिक शब्द थोडे बदलतात, दावा तोच राहतो: हा आजार म्हणजे मोबाइलच्या काळातलं खूळ आहे, खरा असता तर पहिल्याच गोळीनं गुण आला असता, डॉक्टर गोळ्या बदलत बसतात, दोन-तीन एकत्र देतात, म्हणजे ते पेशंटवर प्रयोग करतायत, या गोळ्या नशेच्या आहेत आणि हृदय खराब करतात, तेव्हा आजच सगळ्या बंद करा आणि ब्राह्मी नि ध्यान सुरू करा. माझं निदान चाळिशीत झालं. एडीएचडीच्या जोडीला चिंतेचा आजार आहे आणि अधूनमधून डिप्रेशन डोकं वर काढतं. हा मजकूर वाचून ओळखीतल्या एका मुलीनं सगळ्या गोळ्या एका दिवसात सोडल्या. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'मोबाइलच्या काळातलं खूळ' हा मुद्दा लवकर निकालात निघतो. लक्ष न टिकण्याच्या या त्रासाचं वर्णन अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरनं १७९८ मध्ये करून ठेवलंय. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या २०१३ च्या अमेरिकी पुस्तिकेनुसार, मोठेपणी निदान करायचं तरी काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. म्हणून तर डॉक्टर शाळेची प्रगतिपुस्तकं मागतात, आईला बोलावून घेतात. माझ्या प्रगतिपुस्तकात चौथीच्या बाईंचा शेरा आहे, 'हुशार आहे, वह्या अपूर्ण'. तेव्हा आमच्या घरी साधा फोनसुद्धा नव्हता. लक्ष उडण्याची इतर कारणंही असतात हे मात्र खरं: अपुरी झोप, झोपेत श्वास अडकणं, थायरॉइड, अंगात लोह कमी असणं. ती आधी तपासायला हवीत. तुमच्या डॉक्टरांनी तपासली नसतील तर तसं त्यांना जरूर सांगा.

आता 'पहिल्याच गोळीनं गुण यायला हवा होता'. या दाव्यानं सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून इथे जरा थांबते.

ब्लडप्रेशरच्या पेशंटची गोळी बदलली, डोस वाढवला, जोडीला दुसरी दिली, तर कुणी आजारावर शंका घेत नाही. इथेही तसंच आहे. एडीएचडीची औषधं एकाच प्रकारे काम करत नाहीत. मिथाइलफेनिडेट डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही मेंदूतली निरोप नेणारी रसायनं परत शोषली जाण्यापासून रोखतं. ॲम्फेटामिनच्या गटातली औषधं त्यापुढे जाऊन डोपामिन बाहेर सोडायलाही लावतात. ॲटोमॉक्सेटिन हे त्या दोघांसारखं स्टिम्युलंट, म्हणजे उत्तेजक, नाही, ते मुख्यतः नॉरएपिनेफ्रिनवर काम करतं. कुणाला कोणतं लागू पडेल हे आधीच सांगणारी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. डोसही मोठ्या माणसाच्या वजनावरून काढता येत नाही. कमीपासून सुरू करायचं, टप्प्याटप्प्यानं वाढवायचं आणि फायदा नि त्रास यांचा मेळ कुठे बसतो ते बघायचं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे लिहूनच ठेवलंय: मिथाइलफेनिडेट पुरेशा डोसमध्ये सहा आठवडे देऊनही फारसा फायदा नसेल तर दुसऱ्या औषधाचा विचार करा. गोळी बदलणं हा मुळात उपचाराच्या आराखड्याचाच भाग आहे.

भारतात हा शोध आणखी अवघड होतो, कारण हाताशी औषधं कमी आहेत. लॅन्सेट सायकिॲट्री या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली १३३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला, त्यात मोठ्यांसाठी ॲम्फेटामिन गटातली औषधं सरस ठरली. पण त्या गटातलं ॲडरॉल आपल्याकडे मिळत नाही. अमेरिकेतून पुण्याला परतणाऱ्यांना हे बऱ्याचदा आल्यावरच कळतं. तसं करू नका. निघायच्या आधी तिथल्या डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्या, इथे पोचल्यावर घाईत बदलायची वेळ आणू नका. इथे मुख्यतः मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन, आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर डिप्रेशनसाठीचं ब्युप्रोपिऑन किंवा बीपीसाठीचं क्लोनिडिन, एवढ्यावरच भागवावं लागतं.

वेळेचं गणितही लोकांना कुणी नीट समजावून सांगत नाही. मिथाइलफेनिडेटचा परिणाम त्याच दिवशी कळतो. साधी गोळी तीन-चार तास टिकते, एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, त्याहून जास्त. ॲटोमॉक्सेटिनला मात्र चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. पंधराव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून ते सोडणारे कितीतरी जण मला भेटलेत. त्यांनी ते औषध घेतलं खरं, पण त्याला वेळच दिला नाही.

मी एक वही ठेवते. गोळी कधी घेतली, लागली कधी, उतरली कधी, जेवण झालं का, नाडी किती, रात्री झोप कधी लागली, पाळीचा कितवा दिवस. दुपारी चारच्या सुमाराला मी घरच्यांवर खेकसते, डोळ्यांत पाणी येतं, आणि हे सगळं माझ्या डिप्रेशनच्या खात्यावर जमा होत होतं. वहीत ओळीनं दिसलं की हे दिवसातली दुसरी साधी गोळी उतरतानाच होतं. डॉक्टरांनी एसआर गोळी दिली आणि चारची ती वेळ सुसह्य झाली. नाहीतर डिप्रेशनची गोळी वाढली असती. पाळीच्या आधीच्या आठवड्यात गोळी लागूच पडत नाही असं अनेक बायका सांगतात. माझ्या वहीतही तेच दिसतं. हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका, सगळेच आपणहून विचारतात असं नाही.

'दोन-तीन गोळ्या एकत्र म्हणजे प्रयोग'. एकटा एडीएचडी असलेला मोठा माणूस तसा कमीच आढळतो. अमेरिकेत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, एडीएचडी असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना त्या वर्षभरात चिंतेचा कुठला ना कुठला आजार होता आणि ३८ टक्क्यांना डिप्रेशन किंवा बायपोलरसारखा मूडचा आजार. आजार दोन असतील तर औषधंही दोन लागू शकतात. प्रश्न क्रमाचा असतो. डिप्रेशन तीव्र असेल, दारूचं व्यसन चालू असेल, तर आधी ते सावरायचं. बायपोलर असेल तर क्रम चुकवून चालतच नाही. स्वीडनमध्ये बायपोलर असलेल्या दोन हजारांवर लोकांच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २०१७ साली आला. मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय मिथाइलफेनिडेट सुरू केलेल्यांत मेनियाचा, म्हणजे मूड अनावर चढण्याचा, धोका कितीतरी वाढला. ते औषध सोबत होतं त्यांच्यात तो वाढला नाही. म्हणजे इथे दोन गोळ्या एकत्र असणं हेच संरक्षण होतं.

चिंतेचं मात्र दोन्ही बाजूंनी होतं. कुणाची चिंता ही राहून गेलेली बिलं, चुकलेल्या तारखा, हरवलेल्या चाव्या यातूनच आलेली असते. एडीएचडी आटोक्यात आला की तीही उतरते. कुणाला स्टिम्युलंटनं छातीत धडधड होते आणि ती पॅनिक अटॅक वाटते. तुमचं यातलं कोणतं, हे एका वेळी एकच औषध बदललं तरच कळतं. त्यामुळे एकाच भेटीत तीन बदल करून घेऊ नका. माझं हे ठाम मत आहे.

औषधं एकमेकांत मिसळताना खरा धोका कुठे असतो, त्याबद्दल तो मजकूर अवाक्षर काढत नाही. यकृतातलं जे एन्झाइम ॲटोमॉक्सेटिनचं विघटन करतं, त्यालाच पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन ही डिप्रेशनची औषधं अडवतात. मग ॲटोमॉक्सेटिन रक्तात कित्येक पटींनी साठू शकतं. म्हणून अशा जोडीत ४० मिलिग्रॅमवर सुरुवात करून निदान चार आठवडे थांबायचं असतं आणि मगच गरज पडली तर ८० वर जायचं. मला अशीच एक जोडी दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिली होती, दोघांनाही एकमेकांची चिठ्ठी ठाऊक नव्हती. नाडी पळत होती, तोंड कोरडं पडत होतं, आणि कारण कळेपर्यंत बरेच दिवस गेले. तेव्हापासून सगळ्या गोळ्यांची यादी पर्समध्ये असते, दातांच्या डॉक्टरांकडेसुद्धा. सर्दीच्या गोळीतलं फिनाइलेफ्रिन स्टिम्युलंटच्या जोडीनं बीपी वाढवू शकतं. काही टीबीच्या पेशंटना लिनेझोलिड दिलं जातं, ते मिथाइलफेनिडेटसोबत घेणं धोक्याचं आहे. टीबीच्या डॉक्टरांना एडीएचडीची गोळी सांगायलाच हवी.

'नशेची गोळी'. मिथाइलफेनिडेटचा गैरवापर होतो, हे मी नाकारत नाही. म्हणूनच ते अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं आणि शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक मेडिकलवाला ठेवून घेतो आणि ती त्याला दोन वर्षं जपावी लागते. काउंटरवर तो रजिस्टर काढून माझं नाव मोठ्यानं वाचतो तेव्हा मागे उभे असलेले लोक बघतात. त्या नजरेमुळे गोळी सोडलेली माणसं मला माहीत आहेत. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या डोसमध्ये घेतलेली गोळी पुढे व्यसनाकडे नेते का? लहानपणी स्टिम्युलंट घेतलेल्यांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेणाऱ्या १५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ साली आला. त्यात दारू किंवा ड्रग्जच्या व्यसनाचा धोका वाढलेला दिसला नाही. आधीपासून व्यसन असेल तर डॉक्टर बहुधा ॲटोमॉक्सेटिनसारख्या, नशा न देणाऱ्या औषधाकडे वळतात. त्यामुळे व्यसनाची गोष्ट त्यांच्यापासून लपवू नका.

'हृदय खराब होतं' यात तथ्याचा अंश आहे. या औषधांनी नाडी आणि बीपी थोडं वाढतं. २०२४ मध्ये आलेल्या स्वीडनच्या एका मोठ्या अभ्यासात, औषध जितकी जास्त वर्षं घेतलं तितका उच्च रक्तदाबाचा आणि धमन्यांच्या विकारांचा धोका वाढलेला दिसला. त्याच वर्षी, स्वीडनमध्येच, निदान झालेल्या जवळपास दीड लाख लोकांचा आणखी एक अभ्यास आला. औषध सुरू केलेल्यांत पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी होतं. मी दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघते. घरात बीपीचं मशीन आणलंय, डोस वाढला की आठवडाभर रोज मोजते, दर भेटीला नोंद दाखवते. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक हृदयविकारानं गेलं असेल तर पहिल्या गोळीच्या आधीच सांगायचं.

ध्यान आणि व्यायाम मीही करते, त्यांचा उपयोग होतो. ब्राह्मी घ्यायची असेल तर आयुर्वेद आणि ॲलोपॅथी, दोन्हीकडच्या डॉक्टरांना सांगून घ्या. पण ती या औषधांची जागा घेते असं मानायला आधार नाही.

राहिलं 'आजच सगळ्या बंद करा'. ओळखीतल्या त्या मुलीला तिसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके सुरू झाले. तिला वाटलं, हेच ते व्यसन. तिनं पॅरोक्सेटिन एकदम सोडलं होतं, ती गोळी डिप्रेशनची होती, आणि ती हळूहळूच उतरवायची असते. व्हेनलाफॅक्सिन या डिप्रेशनच्याच गोळीचंही तसंच. क्लोनिडिन एकदम थांबवलं तर बीपी उसळतं. बायपोलरसाठीचं लिथियम अचानक तोडलं तर आजार उलटू शकतो. मिथाइलफेनिडेट बहुतेकांना पायरीपायरीनं सोडावं लागत नाही, पण कोणत्या गोळीला कोणता नियम हे व्हॉट्सॲपवरून ठरत नाही. गोळी नको वाटत असेल तर तसं स्पष्ट सांगा. औषध अजून लागतं का हे वर्षातून एकदा तपासायचंच असतं, चांगले डॉक्टर त्यासाठी स्वतःहून औषधाला काही दिवस सुट्टी देऊन बघायला सांगतात. डॉक्टरांचा फोन लागत नसेल आणि जीव घाबरा होत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरवा. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.