‘घरबसल्या डॉक्टरेट’बद्दल खुलासा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘नोकरी सांभाळून ऑनलाइन डीबीए करा, यूजीसीमान्य, पीएचडीच्या बरोबरीचे.’ (डीबीए म्हणजे ‘डॉक्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन’, व्यवस्थापनातली डॉक्टरेट; यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग.) परवा आमच्या खात्यातला एक जण यासाठी पीएफ काढायचा फॉर्म भरून बसला होता, म्हणून लिहितोय. हा दावा चुकीचा आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी देताच येत नाही. नोकरदारांना अर्धवेळ पीएचडीची वाट खुली आहे. कंपनीचे ना-हरकत पत्र लागते, आणि ती तीन वर्षांच्या आत संपत नाही.

परदेशी डीबीए सगळेच बोगस नसतात, हेही खरे. ‘ॲम्बा’ (असोसिएशन ऑफ एमबीएज) ही संस्था डीबीएला मानांकन देते. माहितीपत्रकावरच्या शिक्क्यावर जाऊ नका, ‘ॲम्बा’च्या यादीत डीबीए देणाऱ्या संस्थेचे नाव स्वतः शोधा. प्राध्यापकीसाठी मात्र ती पदवी चालेलच असे धरून चालू नका.