मोडी वाचणे म्हणजे टंकलेखन नव्हे

गेल्या आठवड्यात शिवाजी पेठेतल्या माझ्या घरी एक गृहस्थ पाटीलकीच्या जुन्या वादातील मोडी लिपीतल्या कागदाची मोबाईलवर काढलेली छायाचित्रे घेऊन आले आणि "मराठीच हाय की ओ सर, सांजच्यापर्यंत लिहून द्या," असे म्हणाले. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते सहन होत नाही.

भाषा मराठीच आहे, पण पानभर रेघा आधी ओढून त्यांखाली शक्यतो बोरू न उचलता लिहिलेली, दोन शब्दांत जागा न सोडणारी, विरामचिन्हे नसलेली आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळणारी. माणसाचे नाव कुठे संपते आणि गावाचे कुठे सुरू होते हे ठरवण्यातच तास जातो. शिवाय कागद घडीवर फाटलेला असला, तर नेमका आकडाच गेलेला असतो.

खरा संताप आला तो त्यांनी आधीच पैसे मोजून दुसऱ्या कुणाकडून करून घेतलेले देवनागरी रूपांतर पाहिल्यावर. 'मशारनिल्हे', म्हणजे वर उल्लेख केलेले, हा शब्द त्यात चक्क आडनाव म्हणून छापला होता. 'सलास तिसैन मया व अलफ' हे अरबी शब्दांत लिहिलेले साल, म्हणजे तीन, नव्वद, शंभर आणि हजार, मिळून ११९३. हा शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांत चालणारी कालगणना, असल्यामुळे त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७९२-९३ येते, पण त्या माणसाने तो हिजरी धरून १७७९ लिहिले आणि तेरा वर्षे गिळून टाकली. सर्वांत भयंकर चूक 'राजीनामा' या शब्दाची. जुन्या कागदात राजीनामा म्हणजे राजी असल्याचा लेख. झालेला निवाडा आपल्याला मान्य आहे, एवढेच त्या पाटलाने लिहून दिले होते. रूपांतरात मात्र 'पाटीलकीचा राजीनामा दिला' असे आले. जे वतन त्याने कधी सोडलेच नाही, ते सव्वादोनशे वर्षांनंतर एका आळशी माणसाने त्याच्याकडून सोडवून घेतले, आणि हाच कागद आता भाऊबंदांच्या भांडणात पुरावा म्हणून फिरतो आहे!

मूळ कागद आणा, नीट वाचायला दोन दिवस लागतील, असे मी सांगितले. त्यावर गृहस्थ म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे, ह्याच्याखालीच तुमची सही द्या." मी सही दिली नाही, आणि ते माझ्यावरच रागावून निघून गेले.